सारातली आनमोची

हिकेता, ३ डिसेंबर

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, मध्येच आई, आई करून वाक्य तोडतोस. पत्रात तुला तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

शरदात दोन दिवस आलास, कौलं नीट केलीस, मला बरं वाटलं. तू गेल्यावर पाहते तर परसातल्या दगडी उखळात माती भरून शेवंती लावून गेलायस. माझ्या सासूबाईंचं उखळ ते, चिकट भात कुटून मोची करायचं. तरी म्हटलं जाऊ दे, पोराला फुलांची हौस असेल. काल कामेईच्या दुकानात नव्या वर्षाच्या, पुरण भरलेल्या आनमोची सांगायला गेले आणि हौस कसली ते कळलं. ज्याला मी शेंबडं नाक पुसताना पाहिलंय तो कामेई दोनदा कमरेत वाकला आणि म्हणाला की तेत्सुरोसानांचा फोन आला होता, तुम्हाला मोची विकता येणार नाही. गल्लीतल्या बायका ऐकत होत्या. एक्याऐंशीव्या वर्षी मला दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवलं, तेही माझ्याच मुलाने.

गेल्या वर्षारंभी माझ्या घशात घास अडकला, हे मी नाकारत नाही. नशीब, शेजारची हानाए तेवढ्यात शुभेच्छा द्यायला दारात आली आणि तिने पाठीत गुद्दे घातले. इतकी वर्षं शेजारी राहून तिचा काय काय राग साठला होता ते त्या दिवशी समजलं. पण घसा माझा आहे, तुझ्या कंपनीचा नाही.

माझी आजी सांगायची की इथे ऊस पिकायचा, साखर व्हायची आणि पिकवणाऱ्यालाच ती चाखायची बंदी होती. सरदाराची माणसं दारात आली तरी दिसू नये म्हणून लोकांनी साखर पुरणात घातली, पुरण मोचीत लपवलं आणि ती मोची आंबवलेल्या सोयाबीनच्या पांढऱ्या मिसोच्या सारात बुडवली. वर्षातून एकदा, पहिल्या दिवशी. तुझी मिसातो लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा खाऱ्या सारात गोड पुरण फुटलेलं पाहून तिचा चेहरा कसा झाला होता, आठवतं? बिचारीने डोळे मिटून गिळलं होतं. तिला ते आवडलं नाही तरी चालेल, मला आवडतं. जे सरदाराला जमलं नाही ते तुला जमेल असं वाटत असेल तर वाटू दे. मी पहिल्या दिवशी आनमोची खाणार.

लोभ कमी करू नकोस, धाक कमी कर.
तुझी आई
इसोनो

योकोहामा, ९ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिसातोने मोठ्याने वाचून दाखवलं. पाठीतल्या गुद्द्यांपाशी तुझी नात मिओ खो खो हसली. मला हसू आलं नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तू प्राणवायूच्या नळीवर झोपली होतीस आणि तुझे ओठ पांढरे पडले होते. ते तू पाहिले नाहीस, मी पाहिले. दर वर्षारंभी बातम्यांत सांगतात, अमुक गावी आजोबा गेले, तमुक गावी आजी गेली, घशात मोची अडकून. मला तुझं नाव त्यात नको आहे. कामेईकडे तुझा अपमान झाला त्याचं वाईट वाटतं, पण फोन केल्याचं वाटत नाही. डॉक्टरांशीही बोललो आहे. तेही नको म्हणाले.

तुझी हौस राहावी म्हणून एक खोकं पाठवतो आहे. वयस्कर माणसांसाठी खास केलेली मोची आहे, चिकटत नाही, चमच्याने तुटते. आत पुरणही आहे. मला यायला जमणार नाही. वर्षअखेरीची मालमोजणी माझ्यावर आहे आणि मिओची प्रवेश परीक्षा तोंडावर आली आहे. वसंतात नक्की येतो. तोवर हट्ट करू नकोस.

लोभ आहे, तो ऐकण्यातही दिसू दे.
तुझा
तेत्सुरो

हिकेता, १६ डिसेंबर

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ. वि. वि.

खोकं पोचलं. चिकटत नाही म्हणालास, त्यात काही खोटं नाही. ओढली तर तार येत नाही, चावली तर दाताला कळत नाही, आणि पुरण असं की साखरेने लांबून नमस्कार केलाय. मिसातोने प्रेमाने बांधून पाठवलं असेल, म्हणून टाकलं नाही. पाण्यात खळ करून फाटलेला कागदी दरवाजा चिकटवला. तिथे मात्र छान चिकटली. तिला माझे आभार सांग.

मग मी डॉक्टरांकडे स्वतः गेले. तू त्यांचं अर्धंच बोलणं मला कळवलंस, तेत्सुरो. ते म्हणाले की नकोच म्हणेन, पण ऐकणार नसाल तर नखाएवढे तुकडे करा, आधी साराचा घोट घ्या, आणि एकटीने अजिबात खाऊ नका, समोर माणूस हवं. मी विचारलं की हे माझ्या मुलाला सांगितलंत का. म्हणाले, शब्दन् शब्द सांगितला. मग तो शेवटचा शब्द वाटेत कुठे पडला? मला ठाऊक आहे कुठे पडला. तो तुझ्या अंगावर येत होता.

तुझे वडील गेल्यापासून पहिल्या दिवसाचं सार मी एकटीच पिते आहे. कधी कंपनी, कधी मिओचा ताप, कधी गाडीत गर्दी. मी कधी बोलले नाही. पण माणूस पाठवता येत नाही म्हणून मोचीच बंद करायची, हा न्याय मला मान्य नाही. याचा मला फार राग आला आहे, आणि दुःखही झालं आहे, ते लपवत नाही.

तुला ये म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या तोमियोच्या मुलानेही कामेईला फोन केलाय आणि हानाएच्या सुनेनेही. तिघी एकत्र बसलो आणि ठरवलं. कामेई विकत नसेल तर आम्ही कुटू. तुझी शेवंती कुंडीत हलवली आहे, टवटवीत आहे. उखळ तिघींनी मिळून घासलं. चिकट तांदूळ आणलाय.

लोभाला उणं पडू देऊ नकोस, मीही देणार नाही.
तुझी आई

योकोहामा, २३ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हो, डॉक्टर तसं म्हणाले होते. मी कळवलं नाही, कारण तू तेवढंच धरून बसशील हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं. समोर माणूस हवं म्हणजे ऐंशी वर्षांच्या दोन मैत्रिणी नव्हेत, ज्यांना स्वतःलाच सांभाळायला माणूस लागतं. तिघींपैकी एकीला ठसका लागला तर बाकीच्या दोघी धावणार कशा, गुडघे धरून?

आई, मला तुझ्याशी भांडायचं नाही. मला तू हवी आहेस. वडिलांच्या वेळी मी उशिरा पोचलो, तुझ्या वेळी तसं व्हायला नको, एवढंच मनात असतं. एक वर्ष थांब. वसंतात येईन तेव्हा म्हणशील ते करू. मी हात जोडतो.

लोभ ठेव, आणि या खेपेला माझं ऐक.
तुझा
तेत्सुरो

हिकेता, ३ जानेवारी

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ. आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. वि. वि.

अक्षर माझंच आहे, नीट बघ. म्हणजे मी आहे.

वर्ष संपायच्या आधी आम्ही परसात मोची कुटायला घेतली. लाकडी मोगरी तोमियोने उचलली ती डोक्यावर जाईना, हानाएने उचलली ती खाली येईना. कुंपणापलीकडून कामेई बघत होता. शेवटी त्याच्याने बघवेना. आत आला, कोट काढला आणि म्हणाला की विकणार नाही असा शब्द दिलाय, कुटणार नाही असा दिलेला नाही. त्याने कुटलं, मी ओल्या हाताने उलटवत राहिले, माझे हात विसरलेले नव्हते. पुरणात मी इथलीच साखर घातली, हात आखडता न घेता.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तिघी माझ्याकडे जमलो. तुझं बोलणं मी दोघींना वाचून दाखवलं होतं. गुडघ्यांचं दोघींना लागलं, पण खरं आहे म्हणाल्या. म्हणून एकीने खायचं आणि दोघींनी जेवायच्या काड्या खाली ठेवून तिच्याकडे बघत बसायचं, असं ठरवलं. कामेईलाही दाराशी बसवलं, धावायला. तोमियो म्हणाली की एवढं टक लावून मला लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं. एकीचं होईतो दुसरीचं सार निवायचं, मग परत चुलीवर. दुपार झाली.

माझी पाळी शेवटी आली. डॉक्टरांनी सांगितले तसे तुकडे केले, आधी घोट घेतला. मग मिसोचा खारटपणा आणि त्याच्या मागून पुरणाचा गोडवा जिभेवर आला, आणि मला रडू फुटलं. हानाएला वाटलं अडकलं, तिने गुद्दा उगारलाच होता. मी हाताने थांबवलं. सावकाश चावलं, गिळलं, आणि वाटी पुसून घेतली.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. भीती मलाही वाटली. पण एका वाटीच्या भीतीने वर्षाचा पहिला दिवस सोडायचा, मग पुढे एकेक सोडत जायचं, आणि शेवटी नुसता घसा सांभाळत बसायचं, हे मला करायचं नाही. मला जगवायचं असेल तर माझ्या जगण्यासकट जगव.

वसंतात येऊ नकोस. वसंतात मी मोची खात नाही, अडवण्यासारखं काही नसतं. यायचं तर पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी ये, सकाळी, सार उकळायच्या आत. मिओला आण, मिसातोला डोळे मिटायची मुभा आहे. हात जोड, रागाव, डॉक्टरांना फोन लाव, काय करायचं ते माझ्यासमोर बसून कर. मी खाणारच आहे. तू बघत बस.

लोभ आहेच, पुढच्या वर्षी तो घेऊन ये.
तुझी आई
इसोनो