गप्प म्हणजे होकार

३ फेब्रु.
परवा राई गावातल्या घरी आई पायरीवरून पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. तेव्हापासून भावंडांचा ग्रुप पेटलाय. पुण्याहून दादाची भाषणं, तीही रेकॉर्ड करून. बडोद्याहून सुनी: 'तुम्ही ठरवा ना.' आईजवळ राहणारा धाकटा बाळा वाचतो नि गप्प. शेवटी मीच लिहिलं, आईला माझ्या इंद्रलोकच्या फ्लॅटवर आणायचं. संध्याकाळपर्यंत जो गप्प, त्याचा होकार धरणार.
बाळा गप्पच.

४ फेब्रु.
आणली. बाळानेच उचलून गाडीत ठेवली. माझ्याशी अवाक्षर नाही.

१२ फेब्रु.
लिफ्ट आहे, बाई ठेवलीय, पंखा-एसी सगळं. आई भिंतीकडे तोंड करून. दोन घास, बस. रोज एकच, "राईला कवा नेतंस गो?" डॉ. म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका.
दादाचं नवं भाषण आलंय. ऐकलं नाही.

१६ फेब्रु., रवि.
बाळा आला. डब्यात खाडीच्या निवट्या माशांचं कालवण. आईने त्याच्या हातून सगळं खाल्लं. मला रडू आलं, रागही. खाली सोडायला गेले तेव्हा फटकन विचारलं, ग्रुपवर बोलत का नाहीस?
"ती परली तवा मी घरी व्हतो का? कंच्या तोंडानं बोलू?"
म्हणजे तो होकार नव्हताच. आणि मी बाई हिशेबात धरून मोकळी.
गावकीच्या बैठकीत बाबा सर्वांत धाकट्याला आधी बोलायला लावायचे. मोठे बोलले की धाकटे मुके होतात, म्हणायचे. घरातलीच रीत, आम्ही चौघंही विसरलो.

१७ फेब्रु.
ग्रुपवर लिहिलं: आईला परत राईला न्यायचं का? तिकडे सगळं बाळालाच करावं लागेल, म्हणून आधी बाळा. तो बोलेपर्यंत कोणी एक अक्षर लिहायचं नाही. गप्प राहिला तर होही नाही, नाहीही नाही.
दादाने चक्क ऐकलं. दिवसभर ग्रुप मुका. बाळाच्या नावाखाली 'टायपिंग' येतं, पुसलं जातं. फोन उचलत नाही. उद्या मीच जाते राईला, समोर बसून...

१८ फेब्रु.
निघताना आईचा तोच प्रश्न. म्हटलं, बाळाला विचारलंय, तो सांगेल तसं.
"बाल्याला इचारलास?"
"हो गं."
"मंग थांबते," म्हणाली, आणि भिंतीकडची मान वळवून दाराकडे बघत राहिली.