बोकडखडपीचा समुद्र कोणाचा

रत्नागिरी,
मे १९५८

मेहुणे नासिर, जहाजाचे सुकाणी आणि हल्ली समुद्राचे वकील, यांस मुसाचा सलाम.

तब्येत बरी असेल, एडनचं पाणी मानवलं असेल. आम्हीही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुझी बहीण साबेरा माहेरी जाऊन बसली आहे, घरातली चूल थंड आहे आणि मी शेजारच्या दत्तारामकडची पेज पितोय. (पेज चांगली असते. पण रोज?) आणि हे सगळं तुझ्या पत्रामुळे. कप्तानाबरोबर चहा पिता पिता ऐकलेलं सगळं लिहून पाठवायला तुला कोणी सांगितलं होतं रे? पूर्वी तू लिहायचास की खजूर पाठवलाय. तो कधी पोचायचा नाही, पण त्यात कोणाचं नुकसान व्हायचं नाही.

या खेपेला काय लिहिलंस? जिनिव्हा नावाच्या गावात जगातले देश जमले (त्या गावाला समुद्रच नाही म्हणतात, तिथेच हे सुचणार) आणि त्यांनी ठरवलं की भर भरतीलाही ज्या खडकाचं डोकं पाण्यावर राहतं ते बेट, आणि बेटाला चहूबाजूंनी स्वतःचा समुद्र. मी भोळेपणाने हे बंदरावर मोठ्याने वाचलं. तिथे दत्ताराम तांडेल जाळं विणत बसला होता. खाडीच्या तोंडावरचा तो खडक, आपली बोकडखडप, तुला ठाऊकच आहे. अलीकडे आमचं गाव, पलीकडे तुझ्या अब्बांचं, आणि मध्ये ती. आजवर तिथे जाळी दोन्ही गावांची पडायची, शिव्या दोन्ही गावांच्या व्हायच्या, आणि मासे सगळ्यांना मिळायचे. दत्तारामने विचारलं, खडप बेट ठरली तर भोवतालचं पाणी कोणाचं? कोणीतरी म्हणालं, जो आधी सिद्ध करील त्याचं. (कायद्यात हे नसणार, एवढं मलाही कळतं. पण जिनिव्हाचं कोणी बंदरावर हजर नव्हतं.)

पुनवेच्या उधाणाला सगळा गाव होड्या घेऊन बघायला गेला. खडप गुडघाभर पाण्याखाली. झालं, विषय मिटला, असं शहाण्या माणसाला वाटेल. पण परत आल्यावर दत्ताराम माझ्या अंगणात रचलेल्या चिऱ्यांकडे टक लावून बघत राहिला. ते चिरे साबेराच्या स्वयंपाकघराचे. लग्न झाल्यापासून ती झापांच्या खोपीत धूर खात रांधते आहे, आणि मिरगाआधी भिंती उभ्या करीन असं मी तिला कबूल केलं होतं. दत्ताराम म्हणाला, मुसाभाय, गावासाठी द्याल काय? सगळा गाव तोंडाकडे बघत असताना माणूस नाही कसा म्हणेल? मी न्या म्हणालो. संध्याकाळपर्यंत खडपीवर कंबरभर चौथरा चढला. साबेरा दारातून सगळं बघत होती. तवा आणि वरवंटा घेतला (पाटा मला ठेवला, त्याचं मी काय करू?) आणि होडीत बसून माहेरी गेली.

पुढे तुझे अब्बा काठावर येऊन ओरडू लागले की चिरे माझ्या मुलीचे, म्हणून बेट माझ्या मुलीचं, म्हणून समुद्र आमचा. आमच्या गावाने जबाब दिला की चिरे साबेराचेच, कबूल, पण साबेरा मुसाची बायको, म्हणून समुद्र आमचा. आता दोन्ही गावांकडे माझी बायको हा एकच पुरावा आहे आणि तो पुरावा माझ्याशी बोलत नाही. चिरे परत आणतो म्हटलं तर आमचे लोक मला फितूर म्हणतात. मिरग तोंडावर आला आहे. दर्या एकदा खवळला की चिरे गेले, आणि चिऱ्यांशिवाय ती यायची नाही. मला करमत नाही, नासिर. घरात बोलायला कोणी नाही, भांडायलाही कोणी नाही.

तुझा दुल्हाभाई (अजून असेन तर),
मुसा

ता. क. – खरं काम राहिलंच. तू आणखी एक पत्र पाठव. त्यात लिही की माणसाने रचलेले दगड कायद्यात धरत नाहीत, बेट अल्लानेच बनवलेलं असावं लागतं. साफ खोटं आहे, पण कप्तानाचं नाव घातलंस की लोक मानतील, खडपीचा नाद सोडतील आणि मी गुपचूप चिरे घेऊन येईन.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवणार तोच तुझं दुसरं पत्र आलं. लिहितोस की एक कलम सांगायचं राहिलं, बेट निसर्गाने बनवलेलं हवं, रचलेले दगड धरत नाहीत. म्हणजे हे खरंच आहे? मी धावत बंदरावर गेलो आणि वाचून दाखवलं. एकानेही मानलं नाही. दत्ताराम म्हणाला, नासिर बहिणीसाठी असंच लिहिणार.

शेवटचा ता. क. – पत्र टाकायचं राहून गेलं ते बरं झालं. साबेराच्या कानावर तुझं कलम गेलं. ओहोटीला ती होडी घेऊन खडपीवर आली आणि चिरे भरू लागली. चिरे तिचे आहेत हे दोन्ही गावांनी घसा फोडून कबूल केलेलं, आता अडवणार कोण? दोन्ही काठांवर माणसं नुसती बघत उभी. मी आनंदाने अंगण झाडून ठेवलं. होडी भरली आणि वळली ती तुझ्या अब्बांच्या काठाकडे. तिथे पडवीमागे भिंती उभ्या राहताहेत, इथून दिसतात.

तेव्हा ते खोटं पत्र आता नको. कप्तानाला विचारून एवढंच कळव की अलीकडच्या माणसाला पलीकडच्या काठावर जेवणाच्या वेळी उतरायचं असेल तर परवानगी कोणाकडे मागायची. पाटा मी बरोबर घेऊन जाईन.