थोरलीचं पान

पिंगळी,
पोळ्याचा आदला दिवस, १९७४

प्रिय सत्यशीला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मानवतच्या बालवाडीतून रजा मिळतेय, महालक्ष्म्यांना येऊ का, असं विचारलंस. पोटच्या पोरीनं माहेरी यायला विचारावं लागतं, याचं आधी वाईट वाटलं. मग बरंच झालं म्हटलं. न विचारता आली असतीस तर पंचाईत होती.

इकडे तयारी जोरात आहे. मुखवटे चिंचेनं उजळले, ते ज्यांवर बसवायचे त्या कोठ्या घासून पालथ्या घातल्या. यंदा पाऊस बरा झालाय, सोळाच्या सोळा भाज्या होतील. दुष्काळाच्या साली पाचांवर भागवलं होतं, आठवतं? फुलोऱ्याच्या करंज्यांचं धाकट्या रुख्मिणीकडे दिलंय, पण तुझ्यासारखी मुरड तिला सात जन्मात जमायची नाही. तिच्या करंज्या बघून लक्ष्मी दारातूनच माघारी जायची.

लहानपणी तू मला एकच गोष्ट सांगायला लावायचीस. समुद्रातून लक्ष्मीच्या आधी थोरली बहीण ज्येष्ठा निघाली. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय मी उभी राहणार नाही, असं लक्ष्मी म्हणाली, म्हणून ज्येष्ठेला एका ऋषीच्या गळ्यात बांधली. त्यानं तिला पिंपळाखाली बसवलं, आलोच म्हणाला आणि गेला तो गेलाच. मग धाकटीला दया आली. भाद्रपदात ती थोरलीला घरी आणते आणि आपण दोघींना शेजारी उभ्या करून जेवू घालतो. नवऱ्यानं टाकलेलीला पहिलं पान कसं, असं तू विचारायचीस, आणि माहेरी कुणी कुणाला टाकत नाही, असं मी सांगायची. देवांचं बरं असतं बाई. त्यांना धाकटीसाठी स्थळं बघावी लागत नाहीत.

रुख्मिणीची दोन स्थळं मोडली. थोरली नांदली नाही तर धाकटी काय नांदणार, हे लोक तोंडावर म्हणतात. तुझ्या नवऱ्यानं दुसरी आणली हे खरं, पण सवतीबरोबर संसार रेटणाऱ्या बायका गावात काय कमी आहेत? तू ट्रंक उचलून निघून आलीस. तुझ्या वडिलांनी दार उघडलं, मी तेव्हा गप्प बसले. आता बसत नाही. तुझ्या मानी स्वभावाचं तुझी बहीण फेडतेय. परवा विहिरीवर दगडाबाईनं विचारलं, “सत्यशीला यायलीय का सणाला?” नाही म्हणून सांगितलं, आणि पाहुण्यांपुढे तुझं नाव काढू नको, अशी तिला शपथही घातली.

जेवणाच्या दिवशी देवगाव फाट्याकडची माणसं रुख्मिणीला पाहायला येणार आहेत. मुलाची आई कस्तुराबाई मागेच एकदा येऊन गेली. थोरली कुठं दिली, असं तिनं विचारलं. तुझे वडील सुपारी कातरू लागले. मी म्हटलं, “थोरली गेली आमची. पहिल्याच बाळंतपणात.” तिनं माझा हात धरला आणि रडली गं ती. मलाही रडू आलं, ते मात्र खोटं नव्हतं. तेव्हा तू सणाला येऊ नकोस, लग्नालाही येऊ नकोस. आतडं तुटतं माझं, पण तोंडातून गेलेला शब्द मी मागे घेणार नाही. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्यांच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात ना, तेही कस्तुराबाईनं काढलं. म्हणाली, “सासरचे करत नसले तर तुमी करा. मीच येते सवाष्ण म्हणून.” मी हो म्हटलंय. त्या दिवशी तुझ्या नावानं पान वाढीन. पुरणात जायफळ घालणार नाही, तुला आवडत नाही ते.

तुझीच,
आई