कन्येच्या एकशे बारा धड्यांबाबत

मी, खाली सही करणारा, विद्यापीठाच्या ग्रंथालयातील निवृत्त बांधणी कारागीर, वय एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझेही मत तेच आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू शकेल असे माणूस आता या घरात नाही.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझ्या मुलीच्या नावे होते. ती त्याच ग्रंथालयात दूरशिक्षण विभागाची ग्रंथपाल होती. गेल्या वर्षी डिसेंबरच्या चार तारखेस, जेवणाच्या सुट्टीत, टेबलाशीच वारली. वय चौपन्न, अविवाहित. कायद्याने तिचा वारस मी. हा क्रम उलटा आहे, परंतु कायद्यात त्यासाठी वेगळे कलम नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मला रडू आलेले नाही. तिने आपल्या आवाजात नोंदवलेले एकशे बारा धडे राहावेत की पुसले जावेत, हे माझ्या सहीवर अडले होते. त्याबाबत कलम सहा व सात पाहावे. बाकीचे त्यामानाने किरकोळ आहे.

२. राहते घर, दोन खोल्या, मुलास द्यावे. तो परगावी असतो. दर रविवारी फोन करून "नाना, जेवलात का?" एवढे विचारतो. मी "हो" म्हणतो. घर विकण्यास माझी हरकत नाही. मुलीच्या खोलीतील पंखा आवाज करतो, हे घेणाऱ्यास आधी सांगावे.

३. बँकेतील ठेव नातीच्या शिक्षणासाठी आहे. तिने कोणता विषय घ्यावा यात कोणीही, विशेषतः तिच्या बापाने, तोंड घालू नये.

४. पुस्तके दाबण्याचा शिकंजा, दाभणे, कातर व हाडाची पट्टी ही हत्यारे माझी स्वतःची आहेत, ग्रंथालयाची नव्हेत. माझ्यानंतर बांधणीची जागा भरली गेली नाही, कारण संशोधनाची मासिके कागदावर येण्याचे थांबून पडद्यावर येऊ लागली. ती व्यवस्था माझ्या मुलीने लावली. बापाचे खाते लेकीने बंद केले, हे मी तिला जेवताना अनेकदा ऐकवले. "नाना, तुमचं खातं तुमच्याबरोबरच रिटायर झालं. मी फक्त जाताना दिवा बंद केला," असे ती म्हणे. शहरात जो कोणी अद्याप हाताने पुस्तके बांधत असेल, त्यास हत्यारे द्यावीत. तसा कोणी न आढळल्यास भंगारात द्यावीत, परंतु दिवाणखान्यात शोभेला ठेवू नयेत.

५. मुख्य ग्रंथपालांस काहीही देऊ नये. शोकसभेत ते म्हणाले, "बाईंचं काम तसं पार्सलं पाठवायचंच, पण मनापासून करायच्या." पार्सले होतीच. जिथे वाचनालय नाही अशा खाणीवर, बेटावर, तुरुंगात शिकणाऱ्यांना ती पुस्तके पाठवी. परंतु त्याखेरीज ती प्राध्यापकांच्या खोल्या पालथ्या घाली व त्यांचे शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता येतील अशा खुल्या भांडारात ठेवायला लावी. "सर, लेख तुम्ही लिहिलात, तपासला तुमच्याच मित्रांनी, आणि वाचायला पैसे आपल्याच पोरांनी मोजायचे?" हे तिचे ठरलेले वाक्य. हे पार्सलात मोडत नाही.

६. ~~सदर एकशे बारा धडे माझ्या मृत्यूनंतर विद्यापीठाने खुल्या भांडारात ठेवावेत. मात्र पहिल्या धड्यातील एक वाक्य वगळावे.~~

७. कलम सहा मी रेघ ओढून रद्द केले आहे. लिहिलेले पान फाडणे माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून कारण देतो.

हे धडे घरी बसून शिकणाऱ्यांसाठी आहेत. निबंध कसा शोधावा, खरा-खोटा कसा पारखावा, असे विषय. ते वाक्य असे: "माझे वडील चौथी शिकलेत. त्यांना जे समजलं नाही, ते मी या धड्यांतून काढून टाकलंय." शोकसभेत हा धडा वाजवला. लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो. विद्यापीठाचा परवानगीचा कागद त्याच आठवड्यात घरी आला व अकरा महिने मी त्यावर सही केली नाही. वाक्य वगळा, असे कळवले. ज्यांचे धडे त्या हयात नाहीत, आम्हाला कातर लावता येत नाही, असे उत्तर आले. पुढे त्यांनीच कळवले की धडे ज्यावर ठेवले आहेत ते जुने यंत्र या महिन्याच्या तीस तारखेस बंद होईल व परवानगी नसलेले सर्व पुसले जाईल.

त्यावर उपाय म्हणून मी कलम सहा लिहिले. वकीलबाईंनी वाचून चष्मा काढला.

"काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. यंत्र तीस तारखेला बंद होतंय. तोवर जायचा विचार आहे का?"

"नाही," मी म्हटले.

"मग हे कलम कशाला?"

मी कागद घेऊन घरी आलो.

त्याच दुपारी घरच्या फोनवर खाणीच्या दवाखान्यातील एक परिचारिका बोलली. तीही दूरशिक्षणाची विद्यार्थिनी. मुलगी घरचा नंबर सर्वांना देत असे.

"ताई आहेत?"

"नाहीत."

"कधी भेटतील?"

"वारली. वर्ष होईल."

ती म्हणाली, "तुम्ही चौथीवाले बाबा का?"

मी होय म्हटले.

"मग तुम्हीच सांगा ना. सत्तावन्नावा धडा उघडतच नाहीये, आणि सोमवारी परीक्षा आहे माझी. खोटं मासिक ओळखायचं कसं?"

मी सांगितले. संपादकाचा पत्ता खरा आहे का पाहावे. संपादकास विचारावे की आपले नाव तिथे आहे हे तुम्हास ठाऊक आहे का. आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. ती म्हणाली, "समजलं, बाबा."

मुलगी प्रत्येक धडा आधी मला ऐकवी. सत्तावन्नाव्यास मी तीन वेळा "समजले नाही" म्हटले. पहिल्याच वेळी समजले होते. नाही म्हटले की ती पुन्हा बसून सांगे. हे मी अनेक धड्यांच्या बाबतीत केले.

परवानगीचा कागद तिनेच तयार केलेला आहे. त्यात नकार देणाऱ्यासाठी रकाना आहे: "हरकत एका ओळीत लिहा." बहुतेक प्राध्यापक त्या ओळीवरच अडतात, असे ती सांगे. मी अडलो नाही. लिहिले: "मुलीने माझे शिक्षण खरे सांगितले." दोनदा वाचले. खोडले. खालच्या संमतीच्या रकान्यात सही केली व कागद स्वतः कार्यालयात नेऊन दिला. पोच जोडली आहे. वाक्य आहे तसे राहील.

त्यामुळे सदर धडे आता माझ्या मालमत्तेत नाहीत व त्यांची वाटणी करण्याचा मला अधिकार उरलेला नाही.

८. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

स्थळ: राहते घर, पुढील खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

(सही) लिहून देणार

वर लिहिलेले त्यांनी आम्हा दोघांस वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली. कलम सहावरील रेघ त्यांनी स्वतः पट्टी लावून ओढली.

(सही) साक्षीदार पहिला, तळमजल्यावरील शिंपी
(सही) साक्षीदार दुसरा, समोरील औषध दुकानदार