दोरा नसलेला अर्ज

सोमवार, ३ नोव्हेंबर
गिरमिटात कांदा नाही! नुसते चुरमुरे आणि वर चिमूटभर शेव. गाडीवाला म्हणतो, "उळ्ळागड्डी तुट्टी, रायरे." महाग म्हणून वगळायचा? राज्ये अशीच लयाला जातात — आधी कांदा, मग धर्म.

बातमी पाठवली. राज्याच्या धर्मादाय सोडतीचा कारभार अर्थखात्याकडून आरोग्यखात्याकडे. तिकिटांच्या पैशातून गरिबांच्या शस्त्रक्रिया होतात. आधी कुणाची, हे आता डॉक्टर ठरवणार. तीन वर्षं हेच लिहीत आलो. थोरली बहीण मथुराअक्का म्हणाली, "प्रभंजना, सरकारनं तुझं ऐकलं? मग नक्की काहीतरी चुकलंय."

तिचाही अर्ज त्यातच आहे. हृदयाची झडप. डॉक्टर म्हणालेत, संक्रांतीच्या आत.

बुधवार, ५ नोव्हेंबर
अक्का जिन्यात बसलेली दिसली. "दमले नाही रे. पायऱ्या किती घाण झाल्यात, बघत होते."

शनिवार, ८ नोव्हेंबर
धारवाडच्या कचेरीत गेलो. सोडतीच्या टेबलावरचे जुने कारकून अप्पाजी गठ्ठे बांधत होते. यांची एक रीत — ज्या रोग्याला थांबणं परवडणार नाही, त्याच्या अर्जाला लाल दोरा. नियमात कुठं नाही. पण साहेब आधी दोऱ्याचे अर्ज काढायचे.

मला वाटलं, नवे लोक दोरे तोडून फेकतील. अप्पाजी म्हणाले, "छे हो! नव्या डॉक्टरबाई शहाण्या. दोऱ्याचे सगळे तातडीचे म्हणून उचलले. बाकीच्यांनी नव्यानं तपासणी, नव्यानं अर्ज."

"किती दिवस?"

"सहा महिने तरी."

मग गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता — "जूनमध्ये मी दोरा हातात घेतला होता, रायरे."

घेतला होता. मीच अडवलं. वार्ताहराच्या घरचा अर्ज, लोक काय म्हणतील! वर न्यायावर दोन वाक्यंही ऐकवली. लहानपणी घोकलेलं संस्कृत ऐन वेळी तोंडात येतं आणि आपण थोर असल्याचा भास होतो. अप्पाजी दोरा माझ्या ओळखीनं बांधत नव्हते. अक्काचे कागद वाचून बांधत होते. हे आज कळलं!

सोमवार, १० नोव्हेंबर
माझ्या बातमीवर वाचकांची तीन पत्रं. तिन्ही अभिनंदनाची.

बुधवार, १२ नोव्हेंबर
डॉक्टरबाईंना भेटलो. सभ्य बाई. म्हणाल्या, "ओळखीवर कुणालाच पुढं घेणार नाही. तुम्हीच तर लिहिलं होतंत." कात्रण त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. नव्या अर्जाचा कागद घेतला, आभार मानून उठलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
अक्कानं दवाखान्याची पिशवी भरून ठेवली आहे. दोन लुगडी, तांब्या, जपमाळ. शेजारच्या गोदूबाईंना सांगत होती, "आमच्या अर्जाला दोरा आहे, नंबर लवकर लागेल."

जूनमध्ये मीच तिला सांगितलं होतं, दोरा बांधला म्हणून.

मला संक्रांतीची भीती वाटते.