शेवटच्या खिळ्यावरची पाटी

प्रिय मिसाओ,

पार्सलवरचं अक्षर ओळखून तू ते तसंच परत पाठवशील अशी धाकधूक आहे. हे वाचत असशील, तर निदान सुतळी तरी सोडलीस. एकोणीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि राहतो कुठे, तर मोनोरेलने वीस मिनिटांवर. तू शुरीच्या चढावर, स्वतःच्या कराटेच्या तालमीपाशी, मी इथे खाली नाहा शहरात, त्याच घरात, आपल्या तालमीच्या, त्याच दोजोच्या, मागच्या खोलीत. आई गेली तेव्हा आलीस, उदबत्ती लावलीस, मला वाकून नमस्कार केलास आणि चहा न घेता निघालीस. मी थांब म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

इकडची बातमी म्हणजे दोजो बंद झाला. शेवटी एकच शिष्य उरला होता, कात्सुजी, तू गेल्यावर आलेला इतोमानचा एक कोळी. त्याला मीच उएची शैलीच्या गुरूंकडे धाडलं. जाळी ओढून ओढून त्याची बोटं लोखंडासारखी झालीत, आणि मार अंगावर घेत पुढे सरकायचं हा त्याचा स्वभावच. उएचीत बोटांची टोकं आणि पायांचे अंगठे हीच हत्यारं. तो तिथे शोभेल. "मला हाकलताय का, गुरुजी?" म्हणाला, एवढंसं तोंड करून. मी म्हटलं, "गाढवा, अकरा वर्षं तुला चुकीच्या जागी उभा केला, आता तरी सुट." मग आपल्या रीतीप्रमाणे भिंतीवरची त्याच्या नावाची पाटी काढून त्याच्या हाती दिली. तो रडला. मी रडलो नाही असं सांगितलं तर तू विश्वास ठेवशील, कारण तुला तेवढाच मी माहीत आहे.

ही अक्कल मला सत्तरीनंतर सुचली. आपल्या गोजू शैलीला माझ्यासारखी माणसं लागतात, बुटकी, रुंद, जमिनीत गाडल्यासारखी. वाळूने भरलेले माठ बोटांच्या पकडीत उचलून चालायचं, सांचिनच्या कवायतीत सगळं अंग आवळून पोटातून श्वास घरघरत सोडायचा. मला ते जमलं, म्हणजे जगाला जमलंच पाहिजे, असा माझा हट्ट. आणि तू पडलीस आईच्या वळणाची. लांब पाय, अरुंद खांदे, नजर लागेल इतकी चपळ. तुला गोजूत उभं करणं म्हणजे भातखाचरातल्या बगळ्याला नांगराला जुंपणं होतं. आई हे तू नऊ वर्षांची असल्यापासून सांगत होती. "पोरीला शुरीला पाठवा, शोरिन शैली तिच्या अंगाची आहे," म्हणायची. मी म्हणायचो, "माझ्या घरात राहून दुसऱ्याचा कराटे?"

ती परीक्षा मी विसरलेलो नाही. तू तेवीस वर्षांची होतीस. सांचिन चालू असताना खांद्यांवर चापट्या मारून अंग पक्कं आहे का बघतात. तुझ्या खांद्यांवर मी इतरांपेक्षा जोरात मारलं, माझी मुलगी म्हणून. तिसऱ्या पावलाला तुझा श्वास अडकला आणि तू सगळ्यांदेखत कोसळलीस. मी तुला उठवलं नाही. म्हणालो, "धड उभं राहता येत नसेल तर दुसरं दार बघ." तू दुसऱ्या दिवशी बघितलंस, शुरीच्या हेंतोना गुरुजींचं. तुझी पाटी मागायला आलीस तेव्हा मी दिली नाही. तू गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून परत टांगली. नंतर येणाऱ्यांना वाटायचं, ते कुणा मेलेल्या शिष्याचं नाव आहे. मी कधी खुलासा केला नाही.

गेल्या ऑक्टोबरात, कराटे दिनाची प्रात्यक्षिकं बघायला, मी कोकुसाई रस्त्यावर आलो होतो. आइस्क्रीमच्या गाडीमागे उभा राहिलो, तुला दिसू नये म्हणून. तू डांबरावर अनवाणी आलीस, साधीच उभी राहिलीस, जणू बसची वाट बघतेस. आणि मग वळलीस. बाहीचा फटकारा मला गाडीमागे ऐकू आला. कुठे जोर नाही, कुठे घरघर नाही, आणि तरी तुझ्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नसती. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, कोण हो ही?" मी म्हणालो, "हेंतोना गुरुजींची शिष्या." माझी मुलगी, हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत.

आता खरं सांगतो. दोन महिन्यांपूर्वी सांचिन करतानाच मी कोसळलो, तुझ्यासारखाच, फक्त बघायला कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, यापुढे दम कोंडून अंग आवळायचं नाही. हलकं, मोकळं काही करा, नाहीतर सोडून द्या." पंचावन्न वर्षं हेच केलं, मला दुसरं काही येत नाही, मिसाओ. रोज सकाळी गणवेश घालून मी रिकाम्या दोजोत उभा राहतो आणि मग तसाच काढून ठेवतो. दिवसभर बोलणं होतं ते टोफूवाल्या आजींशी, आणि त्याही हल्ली ऐकत नाहीत. एक दिवस दार लावून घेतलं आणि तू रस्त्यावर केलेला काता, हालचालींचा तो सगळा क्रम, आठवून आठवून केला. श्वास मोकळा राहिला. छातीत दुखलं नाही. तीन हालचाली आल्या, चौथीला कुठे वळायचं ते आठवेना.

पार्सलात दोन पाट्या आहेत. एक तुझी, आईच्या अक्षरातली, एकोणीस वर्षं उशिरा. आज तू माझ्याकडून रीतीने मोकळी झालीस. मी तुला पाडलं आणि उठवलं नाही, त्याबद्दल माफी मागतो. दुसऱ्या पाटीवर काही लिहिलेलं नाही. तुझ्या दोजोच्या भिंतीवर अगदी शेवटचा खिळा रिकामा असेल, परवा आलेल्या पोरांच्याही खाली, तर तिच्यावर माझं नाव लिही. चढ चढायला मला वेळ लागतो, म्हणून कोणत्या वारी यायचं तेवढं कळव.

तुझाच,
शिकायला उशीर झालेला बाप,
सेइकेन