दुसरा ब्रेक

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझे बाबा फोन स्पीकरवर टाकून मधोमध बसतात आणि माझ्या वाटची उत्तरंही तेच देतात. आत्ता ते गॅरेजवाल्याकडे गेलेत, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावरच कागद पसरलाय. आम्ही तुझ्याकडे येतोय हे त्यांनी तुला थाटात सांगितलंच आहे. खिंडीतून, त्या दगडगोट्यांच्या रस्त्याने, पूल नसलेला ओढा ओलांडून, बर्फाने वाट बंद व्हायच्या आत. तुमच्या हवामान केंद्राची मोठी जीपसुद्धा तिथे कुरकुरते म्हणतेस, आणि आम्ही निघणार आपल्या एवढ्याशा गाडीतून.

गाडी तू पाहिलेली नाहीस. दिसायला अगदी गरीब, भाजी आणायला न्यावी अशी. पण चारही चाकांना ओढ आहे, हे बाबा आल्यागेल्याला सांगतात, जसं काही ती चाकं त्यांनीच जन्माला घातली. जन्मभर दुसऱ्यांना गाडी शिकवली, स्वतः कधी गावाची वेस ओलांडली नाही, त्याचं उट्टं आता काढताहेत. इंजिनखाली पोलादी पत्रा बसवला. चाक रुतलं तर खाली सरकवायच्या पट्ट्या आणल्या. टायरमध्ये हवा भरायचा पंप आला, ओढून काढायचा पट्टा आला. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग ठोकला आणि त्याच्याखाली पाण्याचे कॅन बसवले. शेवटी एक छोटा फ्रिजही आला. मी म्हटलं, थंडीच्या गावाला चाललोय आणि फ्रिज कशाला, बर्फ गरम ठेवायला? त्यावर ते हसले नाहीत. माझ्या विनोदावर न हसणं ही त्यांची जुनी खोड, म्हणून मीही सोडून दिलं.

पहिल्याच चाचणीला फजिती झाली. गावाबाहेर टायर बसला, आणि तेव्हा गुरुजींच्या लक्षात आलं की जादा चाक पलंगाच्या खाली आहे, पलंग स्क्रूने आवळलाय आणि स्क्रूवर आपला सगळा संसार आहे. गाद्या, पातेली, स्टोव्ह, माझी लोकर, सगळं रस्त्याच्या कडेला मांडून बसलो. जाणारे-येणारे विचारत होते, केवढ्याला देता? मी हसून हसून बेजार झाले. पण घरी आल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. ज्या माणसाने शिकवण्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला आधी जादा चाक कुठे आहे ते दाखवलं, तोच ते विसरला? खिंडीत, वाऱ्यात असं झालं असतं तर? आता चाक मागच्या दारावर टांगलंय, पण माझा जीव मात्र टांगणीलाच आहे.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. एकदा संशय आला की तो डोळ्यांत तेल घालून बसतो. फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तर म्हणे खांब वाकडा आहे. नाचता येईना अंगण वाकडं! पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीला अडखळले आणि माझ्यावरच खेकसले की ही इथे कुणी ठेवली. स्वतःच ठेवली होती. आणि एक दिवस गॅरेजवाला त्यांच्या शिकवण्याच्या जुन्या गाडीतला दुसरा ब्रेक काढून घेऊन आला आणि आपल्या गाडीत बसवून गेला, शेजारच्या सीटपुढे, माझ्या पायाशी. हे काय नवीन, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लग्न झाल्यापासून तू शेजारी बसून फरशी दाबतेयस. म्हटलं, त्या पायाला काहीतरी काम मिळू दे." मी हसले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या चाचणीला दगडखाणीच्या कच्च्या रस्त्याने गेलो. गाडी खरंच गुणी आहे, चढावर एक चाक घसरलं की बाकीची तिघं सावरून घेतात. मी जरा सैलावले होते, तेवढ्यात बाजूच्या वाटेने एक बाई सायकलवरून उतरत आली. मला ती कधीची दिसत होती. बाबांचा पाय हलेना. मी ओरडायच्याही आधी ब्रेक दाबला. गाडी थांबली, बाई आम्हाला दोन शब्द सुनावून निघून गेली, आणि तुझे बाबा समोर बघत हळूच म्हणाले, "छान." शिकाऊ माणसाने वेळेवर ब्रेक लावला की म्हणायचे ना, तेच ते छान. त्यांना ती बाई दिसलीच नव्हती, भिंगरी. इंजिन बंद करून ते उतरले, गाडीला हाताने चाचपत वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. आजपासून तू चालव."

लायसन्स माझ्याकडे आहे, त्यांनीच शिकवून काढून दिलेलं. पण ते शेजारी असताना स्टिअरिंग धरायची वेळ कधी आलीच नाही. आता रोज सकाळी सराव चालतो. उतारावर खालचा गिअर, ब्रेकवर बसून राहायचं नाही, पाण्यात शिरण्याआधी उतरून तळ बघायचा, खड्ड्यात तिरकं घालायचं. सासरी आल्यासारखी बोलणी खातेय या वयात. काल खाणीच्या सगळ्यात उभ्या उतारावरून मी गाडी खाली घेतली. मनात एकच धीर होता की त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. खाली पोचल्यावर बघते तर काय, महाशय दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसलेत! मला रडू आलं आणि इतका राग आला की मी गाडीतून उतरून एकटीच चालू लागले. ते मागून ओरडत होते, "अगं, तुला गरज नव्हती!" मला गरज होती गं. कुणीतरी सांभाळून घेईल, एवढ्यावरच तर मी आजवर सगळं केलं.

घरी आल्यावर मी त्या फ्रिजला हात घातला. राग आला की मी साफसफाई काढते, तुला ठाऊकच आहे. आत खाण्यापिण्याचं काहीच नव्हतं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या छोट्या बाटल्या होत्या, प्रवासाला पुरतील अशा, नीट ओळीने लावलेल्या. त्या थंडच ठेवाव्या लागतात. मग मी समोर बसले आणि त्यांना उठू दिलं नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बराच उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकवायची, आणि ती किती टिकेल ते कुणी सांगत नाही. कडांनी अंधारत आलंय, मधोमध तेवढं स्वच्छ दिसतं. मला का नाही सांगितलं म्हणून भांडले, तर म्हणाले, "तू आपली रडत बसली असतीस. मला तू शिकायला हवी होतीस." एवढ्या सामानसुमानाचा खटाटोप कशासाठी, तर लेक राहते ती जागा आणि लेक, दिसतंय तोवर बघून यायचं. तुला कळवायचं नाही अशी शपथ घालताहेत. मी घेतलेली नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

तर हे पत्र एवढ्याचसाठी. ते शिकवून घरी आले की तू मागून येऊन त्यांचे डोळे झाकायचीस, आणि ते मुद्दाम दूधवाला, पोस्टमन असं काहीही नाव घ्यायचे. एवढी मोठी झालीस तरी ती सवय गेलेली नाही. या वेळी तसं करू नकोस, बाळा. बाजूनेही येऊ नकोस, त्यांना कळणार नाही आणि ते दचकतील. मला खिंडीची भीती वाटते, ओढ्याची वाटते, माझ्याच हातांची तर सगळ्यात जास्त वाटते. पण मी त्यांना आणते, ते माझ्यावर सोड. गाडीचा आवाज आला की तू फक्त बाहेर ये, उजेडात, आणि रस्त्याच्या मधोमध समोर उभी राहा. घाबरू नकोस, मी वेळेवर ब्रेक लावीन. आणि त्यांचं पोटभर बघून होईपर्यंत हलू नकोस.

वाटेला लागलेली,
तुझीच
आई